माझ्या नावावरचा तलाव

मोह गळायला लागला की आमच्या गावात दोन गोष्टी सुरू होतात. पोरींच्या परीक्षा आणि माझं तोंड लपवणं.

मोहाचा वास कोणाला आवडतो, कोणाचं डोकं दुखवतो. मला तो वर्षभर आठवत नाही, आणि मग एका सकाळी दार उघडलं की एकदम अंगावर येतो. बाया टोपल्या घेऊन रानाकडे गेलेल्या असतात, ऊन चढायच्या आत परततात, अंगणाअंगणात फुलं वाळत पडतात. पुढे कितीतरी दिवस अंथरूण, लुगडी, साकोलीला जाणारी एसटी, सगळ्याला तोच गोड, आंबूस वास. याच दिवसांत तलाव खाली बसतो. पाणी काठापासून मागे सरकतं, काळा गाळ उघडा पडतो, त्याला भेगा जातात. आणि याच दिवसांत कॉलेजच्या पोरी येतात. तलावाच्या पाळीवर उभ्या राहून मोबाइल आडवा धरतात, व्हिडिओ काढतात आणि विचारत विचारत माझ्या दारात येतात. "काकू, पोर्टलवर तुमचा तलावाचा नकाशा पाहिला. मॅडम म्हणाल्या, भेटून या." मी त्यांना पाणी देते आणि आत काहीतरी करपतंय असं सांगून चुलीकडे जाते. चुलीवर तेव्हा बहुतेक काहीच नसतं.

हल्ली बी.ए. करायचं तर नुसते पेपर लिहून भागत नाही. गाईड पाठ करून पास झालेल्या पिढ्यांचं नशीब थोर. आता विद्यापीठाचं ई-पोर्टफोलिओ असतं. मोबाइलवर प्रत्येकीचं एक खातं. वर्षभर काय शिकलात त्याचे पुरावे त्यात चढवायचे, म्हणजे फोटो, आवाज, चित्रं, व्हिडिओ. आणि प्रत्येक पुराव्याखाली लिहायचं की यातून मी काय शिकले. त्यावर गुण. कल्पना वाईट नाही, उलट चांगलीच आहे. माणसाला आयुष्यात किती वेळा कोणी विचारतं, बाई, तू काय शिकलीस म्हणून? मला तर कोणीच विचारलं नव्हतं. विचारलं तेव्हा मी काय उत्तर दिलं, त्याचीच ही गोष्ट आहे.

मी ढीवराच्या, म्हणजे मासेमारी करणाऱ्या घरची सून. बारावीची परीक्षा दिली त्याच उन्हाळ्यात लग्न झालं आणि पुस्तकं माहेरीच राहिली. आमच्या प्रणालीनं कॉलेजात नाव घातलं तेव्हा मी चाळिशीच्या उंबऱ्यावर होते. ती साकोलीहून आली ती दोन फॉर्म घेऊन. एक तिचा, एक माझा.

"कायले वं? लोकं हासतील," मी म्हटलं.

"हासू दे. त्यायचे दात दिसतील, तुयं काय जाते?"

तिची अट एकच होती. वर्गात तिच्या बाजूला बसायचं नाही. ती पहिल्या बाकावर, मी शेवटच्या. पोरी मला मावशी म्हणत. सर लोक ताई म्हणत आणि चुकूनही प्रश्न विचारत नसत, मी काही बोललेच तर काय घ्या! पण मला ते शेवटचं बाक आवडायचं. तिथून पोरीची वेणी दिसायची. सकाळी घाईत मीच घातलेली वेणी, आणि ती वेणी काय काय लिहून घेत असायची. फोन वापरायला तिनंच शिकवलं. माझं खातंही तिनंच उघडून दिलं. मी शिकले ते सगळं त्या वेणीच्या मागे बसून, हे मला तेव्हा माहीत होतं आणि आजही आहे.

तिसऱ्या वर्षी कापगते मॅडम आल्या. तरुण, तासिकेवरच्या, उत्साहानं भरलेल्या. त्यांनी पोर्टफोलिओला विषय दिला, माझा परिसर. म्हणाल्या, "मिळून काम करा, पण प्रत्येकीचं पोर्टफोलिओ तिच्या स्वतःच्या कामाचं असू द्या." वाक्याचा पहिला अर्धा भाग आम्हाला फार आवडला. दुसरा आम्ही ऐकला नाही असं नाही. आमच्या कानाला त्याचा अर्थच लागला नाही.

आमच्या गावच्या आम्ही चौघी होतो. प्रणाली, मी, काजल आणि चेतना. परिसर म्हणजे आम्हाला तलाव, त्यात विचार काय करायचा? काजलनं तिचे वडील जाळं विणतात त्याचा व्हिडिओ काढला. चेतनानं म्हाताऱ्या माणसांकडून माशांची नावं आणि ते कधी, कुठं सापडतात ते त्यांच्या आवाजात भरून घेतलं. मी साकोलीच्या बाजारात मासोळी विकायला बसते, मी त्याचे फोटो काढले आणि खाली चार ओळी लिहिल्या. फोटो सगळे तिरपे. एकात तर अर्धा माझा अंगठाच.

प्रणालीनं तलावाचा नकाशा केला. वरून दिसतो तो नाही, पाण्याखालचा. सकाळी बापासोबत डोंग्यात बसून जायची. दोरीला गाठी मारलेल्या, टोकाला दगड. दोरी सोडायची, तळ लागला की गाठी मोजायच्या, वहीत लिहायचं, पुढे सरकायचं. कुठं गाळ, कुठं खडक, कुठं झाडांचे बुडखे, कुठं झरा. माझ्या मालकाला ते काम फार भारी वाटायचं. डोंगा थांबवून थांबवून कंटाळा येत नाही का विचारलं तर म्हणायचे, "पोरगी सांगते तिथं थांबतो. एवढ्या वर्षांत कोनी मले थांब नाही म्हनलं." ती घरी यायची तेव्हा सलवार गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली असायची. भात खाता खाता ती डाव्या हातानं ताटाशेजारी बोटानं रेघा ओढत बसायची. मी ओरडायची, "जेव ना सुधी!" जुन्या साडीच्या खोक्यातला मोठा पुठ्ठा तिनं त्याला वापरला. जिथं पाणी खोल तिथं निळा रंग गडद, उथळ तिथं फिका. मी येता जाता पाहायची. छान दिसतंय, एवढंच कळायचं.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कोणाला खरं वाटणार नाही. वर्षभराची मासेमारी मच्छीमार सोसायटीची असते. पण पाणी आटत आलं की हंगामाच्या शेवटच्या दिवशी जे जाळ्यात येईल ते आमच्या सगळ्या घरांचं. पाळीवर पळसाची पानं मांडतात आणि प्रत्येक घराचा एक वाटा घालतात. पाण्यात कोण उतरलं, कोण नाही, हे पाहायचं नाही. ज्या घरात उतरायला माणूसच नाही त्याचाही वाटा पडतो. मग एकजण तलावाकडे तोंड करून, वाट्यांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एका वाट्यावर हात ठेवतो आणि विचारतो, "हा कोनाचा?" पाठमोरा माणूस मनाला येईल ते नाव घेतो. झालं. कोणाला मरळ येते, कोणाला नुसते झिंगे. कुरकुर करायची नाही, बदलून मागायचं नाही. या वाटणीवरून आमच्यात कधी भांडण झालेलं मी पाहिलं नाही. बाकी भांडायला आम्हाला विषय कमी नाहीत.

पोर्टफोलिओ चढवायची वेळ आली तेव्हा सगळा गुंता होता. काजलचा फोन पाण्यात पडलेला, म्हणून तिचा व्हिडिओ चेतनाच्या फोनवर. चेतनाचे आवाज प्रणालीच्या फोनवर. तलाव एक, माणसं तीच, कामात सगळ्याच सगळ्यांच्या मागे-पुढे. दुपारी आमच्या सपरीत, घरापुढच्या पडवीत बसलो होतो, बाहेर ऊन भणभणत होतं. कुठलं काम कोणाचं म्हणायचं यावर पोरींची कुजबुज सुरू झाली. आणि मी, चौघींतली मोठी, शहाणी, बोलले, "एवढा काथ्याकूट काहून करता? चार कामं, चार वाटे घाला. चेतना, तू पाठ कर."

पोरींना गंमत वाटली. चेतना भिंतीकडे तोंड करून बसली. मी फोनवर एकेका कामावर बोट ठेवून विचारू लागले. जाळ्याचा व्हिडिओ चेतनालाच गेला. माशांची नावं काजलला. नकाशावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा कोनाचा?"

"मावशीचा!"

उरला माझा तिरपा बाजार, तो प्रणालीला.

"आई," प्रणाली म्हणाली, "नकाशा माया हाय. मले तोच पाहिजे."

मी म्हटलं, "तलाव तुया बापाचा हाय का?"

पोरी खिदळल्या. आत जेवत बसलेले तिचे बापही हसले. डोंगा वल्हवणारा बाप तोच, म्हणून सगळ्यांना जास्तच हसू आलं. प्रणाली हसली नाही. तिनं माझा फोन घेतला आणि नकाशा माझ्या खात्यात चढवून दिला, कारण मला ते येत नव्हतं.

खालच्या चार ओळी मात्र मी स्वतः लिहिल्या. 'या कामातून मी माझा तलाव नव्याने पाहिला.' तलाव मी पाहिला नव्हता. मी तलाव पाहणाऱ्या पोरीला पाहिलं होतं, तेही भात शिजवता शिजवता. कापगते मॅडमना नेमकं तेच वाक्य आवडलं. त्यांनी वर्गात मोठ्या पडद्यावर नकाशा लावला, ते वाक्य वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही कमाल केलीत! यासाठीच असतं पोर्टफोलिओ." वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी उभी राहिले, हात जोडले, हसले. शेवटच्या बाकावरून मला पुढची वेणी दिसत होती. प्रणालीही टाळ्या वाजवत होती.

त्या क्षणी मला लाज वाटली असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. त्या क्षणी मला फार बरं वाटलं. लाज नंतर आली, गुण लागले तेव्हा. अंतर्गत गुणांत मी वर्गात पहिली आणि प्रणाली काठावर. मॅडमनी तिच्या कामाखाली शेरा लिहिला होता, 'फोटो निष्काळजीपणे काढलेले. मेहनत दिसत नाही.' तो शेरा माझा होता. तो वाचत होती ती.

तिला नागपूरच्या एका संस्थेत जायचं होतं. पाणी आणि जमिनीचा अभ्यास शिकवणारी संस्था. पहिल्या वर्षापासून तिचं तेच चाललेलं. जेवताना तेच, बसमध्ये तेच. तिथल्या अर्जात नुसते गुण विचारत नव्हते, पोर्टफोलिओची लिंक मागत होते. एका सकाळी ती सपरीत बसून अर्ज भरत होती, मी मागून झाडत होते. तिनं लिंक टाकली आणि बरोबर उघडते का पाहायला एकदा उघडली. तिच्या नावाखाली माझा अंगठा दिसला.

"आई, चहा ठेव ना," ती म्हणाली. बस, तेवढंच.

लोकांसमोर वाटते ती लाज पदराआड लपवता येते. पण घरातल्या घरात, जिला ताट वाढायचं तिच्याच तोंडाकडे पाहता येऊ नये, त्या लाजेला कुठलाच पदर पुरत नाही. मी तिच्या ताटात मासोळीचा मोठा तुकडा टाकू लागले. तेल लावून देऊ का, विचारू लागले. ती म्हणाली, "काय झालं तुले?" मी म्हटलं, "काही नाई." बोलायला तोंड होतं का मला?

शेवटी मी एकटीच कॉलेजात गेले आणि मॅडमना सांगितलं. नकाशा माझा नाही, पोरीचा आहे. वाटा कसा घातला तेही सांगितलं. मॅडम आधी हसल्या, त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मग त्यांनी उठून दार लोटलं.

"ताई, याला नक्कल म्हणतात. दुसऱ्याचं काम आपल्या नावावर दाखवणं."

"चोरी नाही केली, मॅडम. वाटलं आम्ही."

"मला कळतंय. पण विद्यापीठाला कसं सांगू? पोर्टल बंद झालंय, आता बदल होत नाही. मी तक्रार केली तर चौघींचेही गुण जातील. काजलचा मागचा एक पेपर राहिलाय, तिचं तर वर्षच जाईल." मग खुर्चीत बसत म्हणाल्या, "आणि हे तपासून सही मी केलीय. पुढच्या वर्षी मला कोणी बोलावणार नाही."

खरं सांगते, तोवर काजल माझ्या डोक्यातच आली नव्हती. वाटे घालताना मोठ्या तोंडानं सगळ्यांचा तलाव म्हणणारी मी, पोटच्या पोरीवर आलं तेव्हा बाकी दोघींना विसरून मॅडमच्या दारात उभी होते. मॅडम म्हणाल्या, "मौखिक परीक्षेला नागपूरहून सर येतील. चौघींना एकत्र बोलावते. तिथं काय सांगायचं ते तुम्ही ठरवा."

त्या दिवशी फार ऊन होतं. खोलीतला पंखा नुसताच कुरकुरत होता. नागपूरचे सर मध्यम वयाचे, सौम्य बोलणारे. त्यांनी लॅपटॉपवर नकाशा मोठा केला आणि कौतुकानं माझ्याकडे पाहिलं.

"ताई, ही खोली मोजली कशी?"

मी दोरीचं सांगितलं, गाठींचं सांगितलं. ते मी पाहिलेलं होतं.

"आणि एवढ्या मोठ्या पाण्यात आपण नेमके कुठं आहोत हे कसं ठरवलंत? काठावरची कुठली खूण धरली?"

मला माहीत नव्हतं. काजल माझ्याकडे पाहत होती, तिच्या ओठावर घाम होता. मॅडम टेबलावरचे कागद सरळ करत होत्या. मी म्हटलं, "मले नाही सांगता येत सर. हे काम पोरीचं हाय. तिले विचारा."

सर प्रणालीकडे वळले. "हा नकाशा तुम्ही केलात?"

मी मनात म्हटलं, हो म्हण. नको म्हणू. हो म्हण. माझं मलाच कळत नव्हतं मला काय हवंय ते.

"नाही सर," प्रणाली म्हणाली. "आईचाच आहे. मी फक्त डोंग्यात सोबत होती. आईले माणसापुढं बोलायची सवय नाही, घाबरली ती." आणि मग तिनं काठावरच्या खुणा सांगितल्या. देवळाचं टोक, चिंचेचं झाड, सांडव्याचा दगड, दोन दोन खुणा एका रेषेत कशा धरायच्या ते. "आईनं असं केलं," "आईनं तसं केलं," प्रत्येक वाक्यात आई. सर मान हलवत होते. मॅडमचे हात कागदांवर थांबले. मला हायसं वाटलं. हो, हायसंच वाटलं, आणि ते वाटल्याची शरम अजून गेलेली नाही.

मग सरांनी तिचं काम उघडलं. माझा बाजार.

"हे फोटो असे का काढलेत? थोडी काळजी घ्यायची ना."

"सर, मासोळी विकताना एक हात ओला असते. धुवाले गेलं तं गिऱ्हाईक पुढच्या टोपलीकडं जाते. म्हणून डाव्या हातानं काढले. अंगठा आला तो त्याच्यानं."

"तुम्ही बसता बाजारात?"

"आई बसते. मी बसत नव्हती, मैत्रिणी पायतील म्हणून. या पोर्टफोलिओसाठी दोन-तीनदा बसली." मी दचकले. मला माहीत नव्हतं. मी डबा खायला बाजूला जायची तेवढ्या वेळात ती टोपलीजवळ बसायची, आणि मी समजत होते टोपलीवर शेजारीण लक्ष ठेवते. माझ्या वाट्याचं तिरपं काम तिच्याकडे आलं, तर ते आपलं करायला ती जाऊन बसली होती. तिचं सरळ काम माझ्याकडे आलं, आणि मी त्यातली एक खूणसुद्धा विचारून घेतली नव्हती.

चौघीही पास झालो. परत येताना एसटीत ती पहिल्यांदाच माझ्या बाजूच्या सीटवर बसली. टोपल्यांमुळे सगळ्या गाडीत मोहाचा वास भरून राहिला होता. मी म्हटलं, "खोटं काहून बोलली वं?"

"वाट्याले आलेलं परत मांगत नाही ना आपन. तूच सांगतलं." ती खिडकीबाहेर पाहत होती. "अन् काजल कुठं गेली असती?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. रागाचं उत्तर मला येतं. उभ्या बाजारात कोणाचंही तोंड बंद करणारी बाई आहे मी. पण माझाच शब्द माझ्यापेक्षा नीट पाळणाऱ्या पोरीला काय बोलायचं?

नागपूरच्या संस्थेनं तिला मुलाखतीला बोलावलं. आम्ही दोघी गेलो, मी बाहेर बाकावर. ती लवकरच बाहेर आली. "पोर्टफोलिओ पायला त्याईनं," म्हणाली, "अन् विचारलं, मासे विकायचा न पाण्याच्या अभ्यासाचा काय संबंध?" तिनं काय उत्तर दिलं ते मी विचारलं नाही. तिचं नाव यादीत लागलं नाही. आता ती नागपुरातच दुसऱ्या एका कॉलेजात एम.ए. करते, सकाळी एका कपड्याच्या दुकानात बसते. सुखात आहे म्हणते. मी विश्वास ठेवल्यासारखं करते.

आणि माझा नकाशा गाजतो आहे. कॉलेज नव्या पोरींना उत्तम पोर्टफोलिओचा नमुना म्हणून तोच दाखवतं. मागल्या वर्षी विद्यापीठानं जुन्या विद्यार्थ्यांची खाती परत उघडली, ज्याला जे सुधारायचं ते सुधारा म्हणून. मी आधी नाव बदलायला गेले. नाव बदलता येत नाही, ज्याचं खातं त्याचंच नाव. म्हणून मी नकाशाखाली माझ्या बोटांनी टाइप केलं, 'हे सगळं काम माझी मुलगी प्रणाली हिचं आहे, माझं नाही.' मला वाटलं, सुटले. कसलं काय! या हंगामात आलेल्या पोरींनी ते वाचलं होतं. त्यातली एक डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "काकू, मुलीला सगळं श्रेय देता तुम्ही. किती मोठं मन!" मी म्हटलं, "अगं बाई, खरंच तिचं हाय ते." तर सगळ्या जणी एकमेकींकडे पाहून गोड हसल्या. कॉलेजच्या एका कार्यक्रमात मी माइकवर सांगितलं, तिथंही टाळ्या. मी जितकं खरं बोलते तितकी मी लोकांच्या डोळ्यांत मोठी होत जाते. पोरीचं होतं ते घेतलं, आणि आता परत देते म्हटलं तरी माझ्याच पदरात पडतं.

परवा प्रणालीचा फोन आला. दुकानातून दुपारच्या सुट्टीत करते. इकडचं तिकडचं झालं. कॉलेजच्या पोरी येऊन गेल्या ते मी सांगितलं. माइकचं सांगितलं नाही, पण तिला ते कुठूनतरी कळलंच होतं.

"आई, कायले लोकायले सांगत फिरतं? राहू दे ना आता."

"तुयं हाय म्हणून सांगतो."

"मायं-तुयं जाऊ दे." मग म्हणाली, "त्यात एक चूक हाय पाय. तेव्हाच मले समजली होती, त्या सरापुढं उभी होती तेव्हा. बोलता नाही आलं. पोट्टे तिकडं पोहाले जातात, तो नकाशा पाहून कोनी गेलं तं बरं नाही. आता खातं उघडलं म्हणतेस तं तेवढं दुरुस्त करून टाक. तुले दिसलीच असंल ना, रोज पायतेस तं?"

इथं मी विचारायला हवं होतं, कुठली गं? साधे दोन शब्द.

"हो," मी म्हटलं. "दिसली. करून टाकतो."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात इतका मोकळेपणा होता की मला पुढे काही बोलवेना. दुकानात कोणीतरी तिला हाक मारली. तिनं फोन ठेवला.

तेव्हापासून मी नकाशा उघडून बसले आहे. बोटांनी मोठा करते, लहान करते. गडद निळं, फिकं निळं, खडक, बुडखे, झरा. वरच्या कोपऱ्यात माझं पूर्ण नाव. पुन्हा एका टोकापासून सुरू करते, काठाकाठानं जाते, मग आत.

मला चूक सापडत नाही.